सातवं कलम

आईने, हेस्टर ट्रेवेनाने, साक्ष द्यायला होकार दिला त्या दिवसापासून रॉयस घरभर शीळ घालत फिरत होता, आणि त्याच्या बायकोचा, नेडाचा, जीव थाऱ्यावर नव्हता. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याची शीळ फार थोड्या वेळा ऐकली होती. एकदा त्याने दुकानासाठी बर्फावर चालणाऱ्या चाळीस गाड्या मागवल्या तेव्हा. त्या हिवाळ्यात टॅमरॅक फ्लॅटला बर्फच पडलं नाही. नंतर गेल्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी टर्की कापता कापता त्याने सख्ख्या बहिणीला 'धूर मोजायचा पगार खाणारी' म्हटलं. कोरीन ताटावरून उठून गेली, ती अजून त्याच्याशी बोलत नव्हती.

आज जानेवारीतला शनिवार. दुपारी दोन वाजता राज्य सिनेटची समिती गावातल्या बंबखान्यात बसणार होती. रॉयस गावचा सिनेटर होता, आणि त्याच्या विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकायला पाच सिनेटर राजधानी हेलेनाहून अडीच तास गाडी हाकत येत होते. विधेयकाचं नाव होतं 'मोंटानाची हवा, मोंटानाचं पाणी'. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने आपल्या हवेत आणि पाण्यात नाक खुपसू नये, एवढंच त्याचं सार.

आणि वॉशिंग्टनने नाक खुपसलं होतं यात शंका नव्हती. टॅमरॅक फ्लॅट म्हणजे चहूबाजूंनी डोंगर असलेला वाडगा. जानेवारीत थंड हवेचं झाकण वाडग्यावर बसलं की धुराड्यांचा धूर वर जायचं नावच काढत नाही. दोन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या खात्याने खोऱ्याचं नाव वाईट हवेच्या यादीत घातलं, आणि जुन्या लोखंडी शेगड्या पुढच्या हिवाळ्याआत घराबाहेर काढा असा कागद आला. त्या शेगड्यांत हेस्टरचीही होती. ती तिच्या दिवंगत नवऱ्याने, वॉल्टरने, खिंडीपलीकडून ट्रकमध्ये घालून आणली होती. तीन वर्षांपूर्वी गोठवणाऱ्या वादळात गावाची वीज चार दिवस गेली, तेव्हा त्याच शेगडीभोवती हेस्टरच्या स्वयंपाकघरात अकरा माणसं, एक पाद्री आणि पिल्लांसकट एक कुत्री जगली. उणे चाळीस हा आकडा त्या कागद लिहिणाऱ्याने कागदावरच पाहिला असणार, असं हेस्टर म्हणायची.

एक्याऐंशी वर्षांची विधवा, हाताला पिठाचा वास, आणि मागे तापलेली शेगडी. अशी साक्षीदार रॉयसला घडवून घेतली असती तरी मिळाली नसती.

नेडाच्या धास्तीचं कारण मात्र शीळ नव्हतं. लग्नाआधी ती कोर्टात कारकून होती, आणि रॉयसचे सगळे कागद तीच टाइप करायची. तीन आठवड्यांपूर्वी त्याने तिच्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. अक्षर त्याचं नव्हतं.

"हे सातवं कलम म्हणून घाल. वर मथळा दे, 'किरकोळ तरतुदी'."

तिने वाचलं आणि बोटं उचलली. "रॉयस, हे किरकोळ नाही."

"नीटनेटकेपणासाठी आहे ते."

"कुणाच्या?"

"लाकूडवाल्या ब्लॅकटेल लंबरच्या. त्यांचे पाच-सहा सिनेटर त्याशिवाय हात वर करत नाहीत. टाइप कर ना, नेडा."

तिने टाइप केलं.

*

सकाळी दहालाच सगळे हेस्टरकडे जमले. ओट्यावर गोमांस, बटाटा आणि सलगम भरलेल्या पास्ट्या भाजायच्या रांगेत होत्या. ट्रेवेनांचे पूर्वज इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधून इथल्या खाणीत आले तेव्हा सोबत दुसरं फारसं काही आणलं नव्हतं. मंगळवारी हेस्टरच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यावर हिरवी पट्टी होती, आणि उरलेला डोळा दोघांचं काम करत होता.

वॉल्टरचा धाकटा भाऊ एमेट मागच्या दाराने आला. तो हेस्टरच्याच आवारात मागच्या खोलीत राहायचा, आणि सरकारने शब्दकोशातूनही बाहेर पडावं असं त्याचं मत होतं.

"वहिनी, आज मी पण बोलणार," तो बूट झाडत म्हणाला. "माझ्या चरावर."

एमेटने गाईंना पाणी पाजायला शेतात एक चर खणला होता. मे महिन्यात त्यात पाणी असे, जूनमध्ये असे कधी कधी. तो 'देशाच्या जलक्षेत्रात' मोडतो, गाळ काढायचा तर आधी परवानगी लागेल, असं वॉशिंग्टनने कळवलं होतं. सोबत चौदा पानी अर्ज होता. 'जलवाहतुकीचा तपशील' या रकान्यात एमेटने लिहिलं होतं, 'एक बदक. तेही चालत.'

"ते वाचून दाखवा काका, हॉल डोक्यावर घेतील," रॉयस हसत म्हणाला. "आणि आई, तू फक्त चार दिवसांची गोष्ट सांग. पाद्रीबाबा, कुत्री, सगळं. विधेयकाचं मी बघतो."

"विधेयक मी ऐकलेलं नाही," हेस्टर म्हणाली.

"मी सांगितलंय की तुला."

"तू सांगितलंस. ऐकलं नाही मी. तुझे वडील न वाचता सही करायचे, म्हणून आपल्याकडे एक खाण आहे जिच्यात नुसतं पाणी निघतं. नेडा, माझ्या डोळ्याला ही पट्टी. तू वाच."

नेडाने रॉयसकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले, पण शीळ थांबली होती.

ती वाचू लागली. पहिल्या कलमात नाव, दुसऱ्यात व्याख्या. तिसरं ऐकून एमेटने टाळी वाजवली. राज्याच्या कायद्याहून कडक असा हवेचा किंवा पाण्याचा कोणताही नियम वॉशिंग्टनने केला, तर राज्याचा एकही नोकर तो राबवणार नाही, असं त्यात होतं. चौथ्यात शेगड्या, पाचव्यात चर आणि तळी. सहाव्यात एक चांगलं वाक्य होतं, 'ज्या हवेत जो श्वास घेतो, तिची काळजी त्याच्याइतकी दुसरा कोण घेणार.' ते रॉयसचं स्वतःचं होतं, आणि ते वाचताना नेडाला त्याच्याबद्दल थोडं प्रेमही वाटलं.

मग तिची नजर पुढच्या मथळ्यावर गेली. विजेची भट्टी कोपऱ्यात करकरली.

"कलम आठवं," तिने वाचलं. "हा कायदा मंजुरीच्या दिवसापासून..."

"सहानंतर आठ?" हेस्टरने पीठ लावलेलं बोट वर केलं. "की आता अंकगणितही वॉशिंग्टन ठरवतं?"

"किरकोळ आहे ते, आई," रॉयस म्हणाला.

"किरकोळ आहे तर लवकर वाचून होईल."

नेडाने घसा साफ केला. "कलम सातवं. किरकोळ तरतुदी. या राज्यातील कोणतीही काउंटी, शहर वा ग्रामपरिषद धूर, ज्वलन, विहीर वा ओढा यांविषयी राज्याच्या नियमाहून कडक नियम करणार नाही. आणि असा नियम आधीपासून असल्यास तो रद्द समजला जाईल."

याच वेळी दार उघडलं आणि कोरीन आत आली. बुटांवर बर्फ, गळ्यात काउंटीच्या आरोग्य खात्याचं ओळखपत्र. वाचनालयाच्या छपरावरचं हवेचं यंत्र तिच्या ताब्यात होतं, आणि शनिवारीही ते तिला सुटी देत नसे.

"मी बोलावलंय तिला," रॉयसने तोंड उघडायच्या आत हेस्टर म्हणाली. "बस, कोरीन. आपलं लाल फडकं रद्द होतंय, ते ऐकतोय आम्ही."

लाल फडकं ही हेस्टरची करणी होती. बेचाळीस वर्षांपूर्वी ती ग्रामपरिषदेवर असताना तिने तो नियम करवून घेतला. धूर बसला की बंबखान्याच्या खांबावर लाल फडकं चढायचं, आणि ज्याच्या घरी ऊब आणायचा दुसरा उपाय आहे त्याने त्या दिवशी लाकूड पेटवायचं नाही. वॉशिंग्टनला तेव्हा टॅमरॅक फ्लॅट नकाशावर सापडलं नसतं. नियमाचं कारण या स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोरीन सहा वर्षांची होती. एका सकाळी तिचे ओठ निळे पडले. वॉल्टरने तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून ट्रकमध्ये घातलं, आणि डोंगरावरच्या रस्त्याने धुराच्या वर नेलं. दुपारपर्यंत तो तिला मांडीवर घेऊन उन्हात बसून राहिला. मागच्या सीटवर चौदा वर्षांचा रॉयस होता. बहिणीचे श्वास मोजायचं काम त्याच्याकडे होतं.

आता त्याने खुर्ची ओढली आणि आईकडे न बघता म्हणाला, "फडक्याला कोण हात लावतंय? राज्याचा नियम आपण नंतर तसा करून घेऊ."

"नंतर म्हणजे?" कोरीनने विचारलं. थँक्सगिव्हिंगनंतर त्याला उद्देशून बोललेला तिचा हा पहिला शब्द.

"पुढच्या अधिवेशनात."

"म्हणजे दोन वर्षांनी. तोवर माणसांनी श्वास धरून ठेवायचा का, दादा?"

"झालं! आली वॉशिंग्टनची वकील!"

"वॉशिंग्टनची?" कोरीनने हातमोजे टेबलावर आपटले. "ऑगस्टमध्ये कॅनडातलं रान पेटतं. तो धूर माझ्या यंत्रात शिरतो, आणि वॉशिंग्टन म्हणतं, गावाने काय उपाय केला ते लिहून द्या. काय लिहू? कॅनडावर पाणी ओतलं? गेल्या वर्षी चव्वेचाळीस अर्ज भरलेत मी. चव्वेचाळीस! तुझी पहिली सहा कलमं मला उद्या सही करायला दे, दोन्ही हातांनी करते."

बहीण आपल्या बाजूची निघेल याची तयारी रॉयसने केली नव्हती.

"मग भांडतेस कशाला?"

"सातव्यासाठी! वॉशिंग्टनने हेलेनाला शिकवायचं नाही, पण हेलेनाने आम्हाला शिकवायचं? हे काय स्वातंत्र्य, की नुसता मालक बदलायचा?"

"काका, तुम्ही सांगा हिला," रॉयस एमेटकडे वळला. "चाळीस वर्षं त्या फडक्याला शिव्या घालताय ना तुम्ही?"

एमेटने आधी घास गिळला. सगळ्यांच्या आधी पास्टी मिळवायची त्याची हातोटी होती.

"घालतोय. आणि मोडतोय पण. माझ्याइतकं ते फडकं कुणी मोडलं नसेल," तो अभिमानाने म्हणाला. "पण कसं आहे, रॉयस. दर वेळी मी या स्वयंपाकघरात येऊन वहिनीच्या तोंडावर ओरडतो. वहिनी माझ्यावर ओरडते. मग जेवतो. उद्या हेलेनात जाऊन मी कुणावर ओरडू? आणि तिथे जेवायला कोण घालेल?"

रॉयसने मग शेवटची बाजू चाचपून पाहिली. "नेडा, तू तरी सांग. सातवं गेलं तर मतं जातात. मतं गेली तर विधेयक जातं. आईची शेगडी जाते, काकांचा चर जातो. टाइप तूच केलंयस ना?"

"मी तुझी आयकराची विवरणपत्रंही टाइप करते," नेडा म्हणाली. "म्हणून ती मला पटतात असं नाही."

कोरीन फसकन हसली. रॉयसचा चेहरा लाल झाला, आणि नेडाला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. तो वाईट माणूस नव्हता. चर आणि शेगडी त्याला खरोखर वाचवायची होती. वाचवायची तर मतं हवीत, मतं हवीत तर ब्लॅकटेल हवं, आणि ब्लॅकटेलला खोऱ्याच्या तोंडाशी भुसा जाळायचा मोठा बॉयलर उभा करायचा आहे. ही साखळी तो मनातल्या मनात इतक्या वेळा फिरवून आला होता की तिचा शेवट कुठे बांधलाय हे पाहायचं राहूनच गेलं होतं.

"मग तू साक्ष देणार नाहीस, आई?"

हेस्टरने भट्टीचं दार उघडलं, पास्ट्या फिरवल्या, बंद केलं.

"देणार की. शेगडीबद्दल जे आहे ते खरं आहे. ते सांगेन. भर बंबखान्यात पोटच्या पोराची अब्रू काढायला मी उभी राहत नाहीये."

"म्हणजे गप्प बसणार तू?" कोरीन ओरडली.

"तू भांड त्याच्याशी. इथे भांड. मला एक डोळा आहे, तो मी त्याच्यावर वटारून झालाय. पण घरातलं भांडण बंबखान्यात जाणार नाही. कोरीन, कबूल कर."

कोरीनने आपटलेले हातमोजे उचलले. "कबूल. पण तुझ्यासाठी. त्याच्यासाठी नाही."

"एमेट?"

"मी ट्रेवेना आहे, वहिनी. मला जे वाटतं ते..."

"रविवारपासून जेवण बाहेर."

"कबूल."

नेडा तेव्हा सिंकपाशी उभी राहून परात घासत होती. तिच्याकडून शब्द घ्यायचं कुणाला सुचलं नाही. समितीचा कारकून तापाने पडल्यामुळे आज विधेयक वाचायला तीच बसणार आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण नेडा वाचते, बोलत नाही, हे घरात इतकं मुरलेलं होतं की त्यावर विचार करायचं कारणच नव्हतं.

सगळे कोट चढवायला गेले तेव्हा हेस्टर पुसायला फडकं घेऊन तिच्याशेजारी आली.

"सकाळी गाळलंस ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी?"

"भांडण टळावं म्हणून, आई."

"टळलं?" हेस्टरने परात पुसून जागेवर ठेवली, आणि कोट घ्यायला गेली.

*

बंबखान्यातले दोन्ही बंब बाहेर काढून आत दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. त्याही पुरल्या नाहीत. बाहेर धुराचं झाकण बसलेलं होतं, आणि बंबखान्याच्या खांबावर लाल फडकं होतं. वॉशिंग्टनविरुद्ध गर्जायला आलेले दोनशे-अडीचशे लोक सकाळी ते फडकं बघून, घरची शेगडी विझवून, थोडे कुडकुडतच आले होते. यात काही गमतीचं आहे असं कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाडीतून उतरताना रॉयस म्हणाला होता, "सातव्याला नुसता मथळा वाच. तसा रिवाज आहे. छोट्या कलमांचे मथळेच वाचतात."

नेडाने दार लावलं होतं.

समितीच्या अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या सिनेटरबाई होत्या, पूर्वेकडच्या गव्हाच्या मुलखातल्या. त्यांनी आधी साक्षी घेतल्या. एमेटने बदक सांगितलं. हॉल इतका हसला की बाईंना हातोडी आपटावी लागली, आणि नंतर त्या स्वतःच रुमालात हसत राहिल्या. कोरीनने यंत्राची आणि चव्वेचाळीस अर्जांची हकीकत सांगितली. वर 'प्रश्न विचारलात तर उत्तर देईन' असं म्हणून भावाकडे असं पाहिलं की एकाही सिनेटरला प्रश्न विचारायची इच्छा झाली नाही.

मग हेस्टर उठली. तिने शेगडी सांगितली. पिल्लं सांगितली. पाद्रीबाबांनी तिसऱ्या दिवशी कुत्रीशेजारी झोपायची परवानगी कशी मागितली तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "ज्यांनी कागद पाठवला ते वाईट असतील असं मला वाटत नाही. ते लांब आहेत. लांबून सगळी घरं सारखीच दिसतात."

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. रॉयसचे डोळे ओले झाले, ते खरेच ओले झाले होते. मागच्या रांगेत ब्लॅकटेल लंबरचा माणूस हॅट मांडीवर ठेवून समाधानाने टाळ्या वाजवत होता. हेस्टर खाली बसली, आणि उघडा डोळाही तिने मिटून घेतला.

"आता नोंदीसाठी विधेयकाचं वाचन," अध्यक्षबाई म्हणाल्या.

नेडाने कागद समोर घेतला. पहिलं, दुसरं, तिसरं. हॉलला घाई झाली होती. मागे चहाकॉफीच्या किटलीपाशी हालचाल सुरू झाली. चौथं, पाचवं. सहाव्यातल्या चांगल्या वाक्याला लोकांनी मान डोलावली.

"कलम सातवं. किरकोळ तरतुदी," ती म्हणाली.

इथे थांबता आलं असतं. रिवाजही तसाच होता. तिला समोर रॉयसचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर जराही शंका नव्हती. तिने ओरडावं, रडावं, घर सोडावं अशी कधी वेळ आली असती, तर त्याने त्याला तोंड दिलं असतं. ती फक्त पुढची ओळ वाचेल, हे त्याच्या कल्पनेत नव्हतं.

तिने पुढची ओळ वाचली. कोर्टात वाचायची तशी, एकेक शब्द सुटा, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असा. "...आणि असा नियम आधीपासून असल्यास तो रद्द समजला जाईल."

किटलीपाशी कुणाचा तरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

बंबखान्याचा मुख्य, ऑगी नावाचा आडवा माणूस, दाराशी उभा होता. त्याने हात वर केला. "बाई, एक विचारू? म्हणजे माझं ते बाहेरचं फडकं... मी उतरवायचं?"

"कुठलं फडकं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मग अडीचशे माणसं एकदम सांगू लागली कुठलं ते. जे चाळीस वर्षं त्याला नावं ठेवत आले होते ते सगळ्यांत मोठ्याने सांगत होते. आमचं फडकं आहे, आम्ही शिव्या देऊ, हेलेनाचा काय संबंध! एक म्हातारा खुर्चीवर चढला. एमेट तोंडावर हात दाबून बसला होता, आणि त्या दाबण्यातून त्याचे कान लालबुंद झाले होते. हेस्टर समोर बघत होती, देवळात बसल्यासारखी.

हातोडी चार वेळा आपटली. "सिनेटर ट्रेवेना," बाई म्हणाल्या, "हा खुलासा तुम्हीच करावा."

रॉयस उठला. त्याने आधी बायकोकडे पाहिलं. राग यायला हवा होता, पण त्याच्या तोंडावर आलं ते आश्चर्य, आणि त्या आश्चर्यामागे काहीतरी जुनं. मग त्याने बहिणीकडे पाहिलं. कोरीन त्याच्याकडेच बघत होती. तिने नुसता मोठा श्वास घेतला. ते सवयीने होतं की मुद्दाम, नेडाला सांगता आलं नसतं.

"हे कलम," रॉयस म्हणाला, आणि अडला. "हे कलम माझं नाही. पण विधेयक माझं आहे. मी ते मागे घेतो. कलम. सातवं. आत्ता." खिशातून पेन काढून तो नेडाच्या टेबलाशी आला आणि तिच्यापुढच्या कागदावर त्याने आडवी रेघ मारली. इतकी जोरात, की कागद फाटला.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. त्या गोंधळात ब्लॅकटेलच्या माणसाने हॅट घातली आणि तो बाहेर पडला. दारातून जाताना ऑगीने त्याला अदबीने वाट दिली.

*

रॉयस अकरा दिवस नेडाशी बोलला नाही. बाराव्या दिवशी बर्फ काढायचं फावडं सापडेना म्हणून बोलला, आणि मग बोलतच राहिला.

फेब्रुवारीअखेर विधेयक पडलं. बावीस विरुद्ध अठ्ठावीस. पाडणाऱ्यांत सहा जण असे होते, जे दर भाषणाची सुरुवात आणि शेवट वॉशिंग्टनच्या नावाने बोटं मोडत करत. राजधानीच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं की या पराभवामागे वॉशिंग्टनचा लांब हात आहे. रॉयसने ते कात्रण आधी चिडून दुकानाच्या टेबलाखाली टाकलं. मार्चमध्ये ते टेबलावर आलं. एप्रिलमध्ये चौकटीत बसून भिंतीवर लागलं.

दरम्यान त्याने आणि कोरीनने मिळून वॉशिंग्टनला पत्र लिहायला घेतलं. ईस्टरला ते दोघं हेस्टरच्या टेबलाशी बसून एकेका शब्दावरून असे भांडले की डुकराचं मांस गार झालं. तरी कोरीन ताटावरून उठली नाही. पत्र गेल्यावर शेगडीची मुदत एक वर्षाने पुढे गेली. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुकानात रॉयस हकीकत सांगायचा. आधी त्यात नेडा होती. मग 'वाचणाऱ्या बाई' होत्या. जूनपर्यंत गोष्ट अशी झाली की समितीपुढे विधेयक वाचलं जात असताना सिनेटर ट्रेवेनांच्या ध्यानात आलं की यात काहीतरी घुसडलंय. त्यांनी भर सभेत कागद फाडला. गिऱ्हाइकं माना डोलवायची. नेडा गल्ल्याशी बसून खिळे मोजून द्यायची. खोटं बोलावं म्हणून तो सांगत नव्हता. दर वेळी सांगताना त्याला ते तसंच आठवत होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने निवडणुकीच्या पत्रकाचा मजकूर तिच्यापुढे ठेवला. 'वॉशिंग्टनपुढे झुकला नाही. हेलेनापुढेही झुकला नाही.' खाली हातात पेन घेतलेला त्याचा फोटो.

"बरं आहे ना?"

"बरं आहे," ती म्हणाली, आणि तिने ते जसंच्या तसं टाइप केलं. एक स्वल्पविराम चुकला होता, तो दुरुस्त केला.

मग तिने दुसरा कागद लावला. रॉयस पत्रक वाचत खोलीत फेऱ्या घालत होता. यंत्राचा आवाज थांबेना तेव्हा तो मागे येऊन तिच्या खांद्यावरून डोकावला.

"हा कुणाचा अर्ज?"

"माझा. ग्रामपरिषदेचा. जोहानसन ॲरिझोनाला चाललेत, त्यांची जागा रिकामी होतेय."

त्याने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "आईने सुचवलं?"

"नाही. तिला उद्या सांगणार आहे."

"कुठल्या पक्षातर्फे?"

"ग्रामपरिषदेला पक्ष नसतो, रॉयस. तू तिथे कधी गेला नाहीस म्हणून तुला माहीत नाही."

रॉयसने खुर्ची ओढली आणि बसला. शीळ घालायला ओठांचा चंबू करावा तसं काहीतरी त्याने केलं, पण आवाज निघाला नाही.

"पण तिथे जाऊन तू करणार काय?"

नेडाने कागद बाहेर काढला, सही केली, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"तुम्ही वरचे लोक जे काही आमच्याकडे शिल्लक ठेवाल ते," ती म्हणाली.